मुरत ठेवलेलं

तिच्या घरी जायला मेर्किस नदीवरचा लाकडी पूल,
मग चार किलोमीटर पाइनचं जंगल
आणि वाळूत रुतणारी माझी सायकल.
मंगळवार तिचा. रक्तदाब, साखर, पायाची सूज,
वहीत आकडे मांडायचे आणि निघायचं,
असं कागदावर ठरलेलं आहे.

त्या मंगळवारी टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं
आणि त्यावर ढीगभर पिवळी फुलं.
"कळी चिमटीत धर," मार्त्सेले म्हणाली, "दाब."
दाबली. बोटं लाल झाली.
"लाल झाली तर योनासचं गवत.
नाही झाली तर नुसतं गवत, गाईला घाल."

मी नर्स आहे. मला हे गवत
दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे.
"रक्त पातळ ठेवायची गोळी घेतेस ना तू?
हे पोटात गेलं की तिची मात्रा चालत नाही.
एक गुठळी, आणि संपलं."
ती बरणी भरत राहिली,
दाबून नाही, सैलसर,
उशीत पिसं भरावीत तशी.
वरून बाल्त्रुसने शेडमध्ये गाळलेली दारू.
तो जाऊन सहा वर्षं झाली,
त्याची दारू अजून दोन बाटल्या आहे.

"पिणार कोण?" ती म्हणाली. "पिणारा गेला.
मी फक्त करते."

एकवीस दिवस, भट्टीमागच्या फळीवर, अंधारात.
रोज संध्याकाळी हलवायची.
एखादा दिवस चुकला तर?
"काही होत नाही," ती म्हणाली. "पण चुकवायचा नाही."

नवव्या दिवशी ती विहिरीपाशी पडली.
खुब्याचं हाड.
स्ट्रेचरवर तिने कोंबड्यांचं विचारलं नाही,
आलितुसच्या इस्पितळात किती दिवस लागतील तेही नाही.
माझी बाही धरली:
"किल्ली बादलीखाली आहे."

मग मी जात राहिले.
नोंदवहीत लिहायचे: रुग्णभेट.
रुग्ण तिकडे, औषध इकडे,
आणि मी मधल्या वाळूत सायकल ढकलत.
ते घर कुणी नसताना फार नीटनेटकं वाटायचं.
बरणी वर, खाली. वर, खाली.
आधी चहासारखा, मग विटेसारखा,
मग असा रंग की मी दिवा जवळ नेला.

फळीवर जुन्या बाटल्या होत्या,
चिठ्ठ्यांवर बाल्त्रुसचं ठेंगणं अक्षर:
गुडघे. खोकला. झोप. घोडा.
आणि मागे एक, धुळीने पांढरी झालेली,
तिच्यावर फक्त: मार्त्सेले.
बूच हललेलं नव्हतं.
मी हातात घेतली, जशी होती तशी ठेवली,
धुळीत माझी चार बोटं उमटली ती मात्र राहिली.

एकविसाव्या दिवशी फडक्यातून गाळलं,
फडकं पिळलं,
छोट्या बाटलीत थोडं इस्पितळात नेलं.
खिडकीच्या उजेडात धरून तिने बराच वेळ पाहिलं.
"हलवलीस."
"रोज. सोळावा सोडून. पूल दुरुस्तीला काढला होता."
"दिसतंय," ती म्हणाली.
काय दिसत होतं कोण जाणे.
बाटली तिने माझ्याच खिशात सरकवली.
"गुडघ्यांना चोळ. सायकल चालवतेस."

मग मी विचारलंच, तिच्या नावाच्या बाटलीचं.
"ती? ती माझ्या रागावर.
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी केली त्याने,
सात मुळ्या, मध, काय काय.
चमचाभर, पाण्यातून, रात्री."
"घेतलीस कधी?"
"एक थेंब नाही."
शेजारच्या खाटेवरची बाई हसली, मार्त्सेले हसली नाही.

मी पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, काटा पाहिला.
दीडशे आणि नव्वद.
"जरा जास्त आहे," मी म्हटलं.
"तो राग," ती म्हणाली.
"राहू दे. एवढी वर्षं मुरलाय."